गाडीचं काळं प्लॅस्टिक: वावराच्या रस्त्यानं फिरणाऱ्या एसयूव्हीच्या क्लॅडिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या पट्ट्यात डेंटिंग-पेंटिंगचं काम करणाऱ्याला इंजिनाबद्दल फार कोणी विचारत नाही. विचारतात ते चाकावरच्या काळ्या प्लॅस्टिकबद्दल. पांढरं पडलं, लोंबतंय, आतून खडखड वाजतंय, रंगवून देता का, काढून टाकता का. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

क्लॅडिंग म्हणजे गाडीचा नेमका कोणता भाग?

चाकाच्या कमानीभोवतीची काळी पट्टी, दारांच्या खालच्या बाजूचा काळा पट्टा, रनिंग बोर्डावरचं (म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या कडेवरचं) झाकण आणि बंपरचा खालचा, रंग न दिलेला भाग. काही गाड्यांत दाराच्या मध्यावर आडवी पट्टी असते, तीही यातच धरा. चाकाच्या आत, टायरच्या वर जे वाकवलेलं पातळ प्लॅस्टिक किंवा नमद्यासारखं अस्तर दिसतं ते लाइनर. तो भाग वेगळा, पण क्लॅडिंगचे निम्मे स्क्रू त्याच्यातूनच जातात.

कंपनीनं पैसे वाचवायला पत्र्याच्या जागी प्लॅस्टिक लावलं, हे खरं का?

पत्र्याच्या जागी नाही, पत्र्याच्या वर लावलं आहे. बंपर सोडला तर क्लॅडिंग काढलं की खाली पूर्ण पत्रा असतो, रंगवलेला. पैशाचा मुद्दा मात्र खोटा नाही. बंपर किंवा कमान गाडीच्या रंगात द्यायची म्हणजे प्रायमर, रंग, क्लिअर, भट्टी असा सगळा खर्च. साच्यातून काळंच निघणारं आणि वर दाणेदार पोत असलेलं प्लॅस्टिक तसंच बसवता येतं. दाणेदार पोतावर बारीक ओरखडे दिसत नाहीत, हा वरचा फायदा.

पण खरं कारण दिसण्यातलं आहे. उंच गाडीचा अंगभर एकाच रंगाचा पत्रा डोळ्याला थोराड वाटतो. खालचा वीतभर भाग काळा केला की गाडी जमिनीपासून उचललेली दिसते, आणि कमानीला काळी किनार दिली की टायर आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत 1980 चं मॉडेल म्हणून आलेल्या एएमसी ईगलला अशा प्लॅस्टिकच्या कमानी होत्या, आणि ती मुळात साध्या मोटारीला चारही चाकांची ताकद देऊन केलेली गाडी होती. पुढे सुबारूनं आउटबॅकमध्ये तेच केलं. याचा अतिरेकही झाला. 2001 च्या पाँटिअ‍ॅक अ‍ॅझटेकला एवढं राखाडी प्लॅस्टिक लावलं होतं की लोकांनी हसून हसून पुरेवाट केली, आणि पुढच्याच वर्षी कंपनीला ते गाडीच्या रंगात द्यावं लागलं.

आपल्याकडे 2002 च्या पहिल्या स्कॉर्पिओच्या खालच्या बाजूला राखाडी प्लॅस्टिक होतं, ते अजूनही काही गाड्यांवर शाबूत दिसतं. 2013 ते 2015 या काळात तर साध्या हॅचबॅकला क्लॅडिंग आणि रूफ रेल लावून 'क्रॉस' म्हणून विकायची लाटच आली: क्रॉस पोलो, इटिऑस क्रॉस, अव्हेंचुरा, आय-20 अ‍ॅक्टिव्ह. फार चालल्या नाहीत. त्याच सुमारास आलेल्या इकोस्पोर्ट, क्विड आणि पुढे 2021 ची पंच, यांनी मात्र काळं प्लॅस्टिक मुळापासूनच आराखड्यात धरलं, आणि आता त्याशिवाय छोटी एसयूव्ही शोधून सापडायची नाही.

क्लॅडिंगमुळे गाडी कागदोपत्री एसयूव्ही ठरते का? टॅक्स वाढतो का?

नाही. टॅक्स ठरतो लांबी आणि इंजिनावर. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतली, पेट्रोलमध्ये 1200 आणि डिझेलमध्ये 1500 सीसीपर्यंतची गाडी 18 टक्के जीएसटीत येते, त्यावरची 40 टक्क्यांत. त्याआधी मोठ्या गाड्यांवर सेस लावताना 170 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सही मोजत. प्लॅस्टिक कोणीच मोजत नव्हतं.

भाऊ, रोही (नीलगाय) आडवा आला तर क्लॅडिंग वाचवते का?

नाही. रोही राहू द्या, रानडुकराचं पिल्लूही भारी पडेल. दोन-तीन मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिक आहे ते. धडकेत वाचवणारी आडवी लोखंडी नळी दाराच्या आत असते, खांब आणि रनिंग बोर्डाचा पोलाद गाडीच्या सांगाड्यात असतो, आणि पट्टा तुम्ही लावला असेल तर तो तुमच्या अंगावर असतो. 'काळी पट्टी जाड आहे म्हणजे गाडी मजबूत' हे सेल्समनचं बोलणं ऐकून घ्या आणि सोडून द्या.

मग आमच्या रस्त्यांवर याचा उपयोग तरी काय?

उपयोग चांगला आहे, आणि शहरातल्या माणसापेक्षा आपल्याला जास्त आहे. ज्यांची गाडी मॉलच्या तळघरात उभी राहते त्यांच्यासाठी हा दागिना. मुरुमाच्या रस्त्यानं रोज वावरात जाणाऱ्याला ते कामाचं आहे.

पुढच्या चाकातून उडालेला खडा थेट मागच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यावर आणि मागच्या कमानीवर बसतो. तिथं उघडा रंग असला की टपोरे टवके उडतात, टवक्यात पाणी जातं, आणि दोन पावसाळ्यांत तांबूस ठिपके. प्लॅस्टिकवर तोच खडा आपटून परत जातो. पांदणीत दोन्ही बाजूंनी बाभळी आत आलेल्या असतात, काटे दाराच्या खालच्या निम्म्याला खरवडतात. तुरी काढणीला आल्या की धुऱ्याकाठच्या तुराट्या, वेचणीनंतर उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्या, सगळ्यांची उंची बरोबर क्लॅडिंगएवढी. पोरं सायकल टेकवतात, बैलगाडीची साटी घासते, वॉशिंग सेंटरवाला दगडावर पाय देताना बादली आपटतो. हे सगळं प्लॅस्टिकवर गेलं तर जाऊ द्या. ते मार खायलाच बसवलंय.

काळं प्लॅस्टिक पांढरं का पडतं? माझी गाडी तीनच वर्षांची आहे.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, त्यामुळे जरा सविस्तर.

बहुतेक क्लॅडिंग पॉलिप्रॉपिलीनचं असतं, त्यात लवचीकपणासाठी ईपीडीएम रबर आणि ताठपणासाठी टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पूड. काळा रंग कार्बन ब्लॅकचा, आणि तो नुसता शोभेचा नाही: ऊन तोच शोषून घेतो आणि प्लॅस्टिकला वाचवतो. शिवाय उन्हाला टिकावं म्हणून वेगळी रसायनं घातलेली असतात. ही रसायनं वर्षानुवर्षं खर्च होत जातात. मग सूर्याचे अतिनील किरण वरच्या थरातल्या साखळ्या तोडायला लागतात, पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा पडतात, आतली पूड उघडी पडते. अशा खडबडीत थरावरून प्रकाश विखुरतो आणि काळं राखाडी दिसायला लागतं.

आता आपला उन्हाळा बघा. चंद्रपूर, नागपूर, अकोला, वर्धा, कुठंही मे महिन्यात पारा 45 च्या पुढे. नवतप्यात दुपारी काळ्या प्लॅस्टिकवर तळहात ठेवून बघा, ठेववणार नाही. उन्हानं ते वितळत नाही, वितळायला 160 अंशांच्या आसपास लागतात, पण उष्णता आणि ऊन एकत्र आले की झीज झपाट्यानं होते. गाडी रोज एकाच जागी, एकाच तोंडानं उभी राहत असेल तर पश्चिमेकडची बाजू आधी पांढरी पडलेली दिसेल. टिनाचं शेड शक्य नसेल तर निदान गाडी उभी करायची दिशा अधूनमधून बदला. फुकटचा उपाय आहे.

बोट घासून पाहा. बोटाला राखाडी भुकटी लागली तर प्लॅस्टिक खरंच झिजलंय. भुकटी लागली नाही आणि पांढरे ओघळ, गोल ठिपके किंवा नकाशासारख्या कडा दिसत असतील, तर प्रकरण बहुतेक पाण्याचं आहे. पुढचा प्रश्न वाचा.

आमच्या बोअरच्या पाण्यानं धुतलं की काळ्यावर पांढरे डाग राहतात. हे काय?

तुम्ही खारपाण पट्ट्यातले दिसता. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला अकोला, अमरावती आणि बुलडाण्याचा हा भाग, जिथं विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारट लागतं. गाडी धुतल्यावर पाणी उडून जातं, क्षार तिथंच राहतात. रंगावर ते फडक्यानं निघतात, दाणेदार प्लॅस्टिकच्या खाचांत मात्र बसून राहतात. कितीतरी लोक याला झीज समजून वरून चमकवायचं तेल लावतात, म्हणजे मीठ आत आणि तेल वर.

आधी गोड्या पाण्यानं, मऊ ब्रशनं घासा. मिठाचा थर एवढ्यानंच विरघळतो. तरीही राहिलं तर ते चुन्याचं, म्हणजे कॅल्शियमचं. पांढरं व्हिनेगर निम्म्याला निम्मं पाणी घालून फडक्यानं लावा, पाच मिनिटं ठेवा, धुऊन टाका. लिंबाच्या रसानंही होतं. सावलीत करा, आणि व्हिनेगर पत्र्याच्या रंगावर वाळू देऊ नका. बाथरूमचं अ‍ॅसिड वापरू नका. ते प्लॅस्टिकला फार करणार नाही, पण मागच्या क्लिपा, स्क्रू आणि ब्रेकची डिस्क यांना गाठेल.

यापुढं धुणं बोअरच्या पाण्यानं करा हवं तर, पण शेवटची एक बादली गोड्या पाण्याची, आणि उन्हात वाळायच्या आत फडकं. संध्याकाळी धुवा.

वरूड-मोर्शी-काटोलकडच्या संत्रावाल्यांना एक वेगळाच डाग भेटतो: खोडांना बोर्डो पेस्ट लावताना गाडी बागेत उभी असते आणि निळसर पांढरे शिंतोडे उडतात. त्यात चुना असतो, त्यामुळे तोच व्हिनेगरचा उपाय लागू. सिमेंट रस्त्याच्या कामावरून आलेल्या शिंतोड्यांनाही तोच, फक्त ताजे असताना.

घासलेट, डिझेल, खोबरेल किंवा जुनं इंजिन ऑइल लावलं तर एकदम नवं दिसतं. लावू का?

दिसतं नवं, दोन दिवस. मग त्या तेलावर मुरुमाची धूळ बसते, आणि काळ्यावर लाल लेप तयार होतो. घासलेट-डिझेलचा आणखी एक दोष: क्लॅडिंगमधलं रबर आणि दाराभोवतीचं रबर दोन्ही ईपीडीएमचं असतं, आणि ते खनिज तेलात फुगतं. दाराचं रबर सैल झालं की पावसात पाणी आत. जुनं इंजिन ऑइल तर पायजम्याला लागतं, आणि घरात त्यावरून जे ऐकावं लागतं त्याला कुठलाही विमा नाही.

मग लावायचं काय?

आधी स्वच्छता, ती निम्मं काम करते. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, खाचांतला मळ काढायला. जुन्या मेणाचे किंवा पॉलिशचे पांढरे डाग खाचांत वाळून बसले असतील तर शाळेतला खोडरबर घासून बघा, बहुतेक निघतात. म्हणूनच अंगाला पॉलिश करताना काळ्या भागावर आधी कागदी टेप लावायला सांगा, वॉशिंग सेंटरवाले कंटाळा करतात.

त्यानंतर पाण्यात मिसळलेलं, दुधी रंगाचं ट्रिम ड्रेसिंग, म्हणजे अशा काळ्या प्लॅस्टिकला लावायचं द्रावण. हे काही आठवडे टिकतं, पावसाळ्यात कमी. चिकट, तेलकट, चकचकीत येणारं घेऊ नका, धूळ धरतं. त्याच्या वरची पायरी म्हणजे ट्रिमसाठीचं सिरॅमिक कोटिंग. महाग आहे, पण महिनोन्‌महिने टिकतं, आणि गाडी नवीन असतानाच लावलं तर पैसे वसूल. पांढरं पडून गेल्यावर लावणाऱ्याला आधी प्लॅस्टिक नीट साफ करून, पूर्ण कोरडं करून घ्यावं लागतं, नाहीतर ठिपके तसेच कोंडले जातात.

फार झिजलेल्यासाठी काळा रंगद्रव्य असलेला रिस्टोरर मिळतो. हातमोजे घाला.

यूट्यूबवर हीट गन फिरवून काळं करताना दाखवतात.

होतं काळं. उष्णतेनं वरचा थर मऊ होऊन भेगा मिटल्यासारख्या होतात. पण रसायनं परत येत नाहीत, त्यामुळे काही महिन्यांत पुन्हा पांढरं. आणि एका जागी गन जरा जास्त थांबली की पट्टी वाकते, दाणे सपाट होऊन चकचकीत डाग पडतो, तो कायमचा. शेजारचा रंगही फुगतो. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडचा ब्लो लॅम्प तर अजिबात नको.

पावसाळ्यात क्लॅडिंगच्या मागे चिखल जातो. त्यानं काही होतं का?

होतं. खरं तर क्लॅडिंगबद्दल काळजी करायचीच असेल तर याची करा, पांढरेपणाची नाही.

आपली काळी माती ओली झाली की फुगते, चिकटते, आणि पाणी सोडत नाही. चाकाला लागलेली ती माती कमानीच्या कडेतून आत जाते आणि प्लॅस्टिक व पत्रा यांच्या मधल्या फटीत ठासून बसते. वरून काहीच दिसत नाही. दसऱ्याला गाडी धुऊन हार घातला तरी आत जून महिन्यातली माती असते.

पावसाळ्यानंतर मागच्या कमानीची पट्टी उतरवली की दृश्य साधारण सारखंच असतं. वरचा कोपरा कोरडा, जाळी लागलेली. खालच्या वळणात, जिथं कमान रनिंग बोर्डाला मिळते, तिथं काळा घट्ट गोळा, त्यात बाभळीची पानं, कुटार, कधी सोयाबीनचा दाणा उगवून पिवळा पडलेला. तो गोळा बोटानं दाबला तर दिवाळीनंतरही ओला लागतो. तो काढला की पत्र्यावर क्लिपच्या भोकाभोवती तांबूस कडं. क्लिप गाडीच्या हादऱ्यानं सतत हलत असते, तिच्याखाली वाळूचा कण अडकला की तो रंग खरवडत राहतो. रंग गेला, ओलावा तिथंच, गंज ठरलेला.

शिवाय रनिंग बोर्डाच्या खालच्या कडेला पाणी निघायची छोटी भोकं असतात. ती याच मातीनं बुजतात, आणि मग गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आत चाळण झालेली असते.

काय करायचं ते सांगतो. पावसाळ्यात चिखलातून आलात की स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गाडी उभी करा, साध्या नळीनं कमानीच्या आतल्या कडेतून पाणी सोडत राहा. काळी माती आधी भिजू द्यावी लागते, जोर कामाचा नाही. खाली पडणारं पाणी गढूळ यायचं थांबलं की मग दुसरी बाजू. प्रेशर गन क्लॅडिंगच्या कडेवर सरळ धरू देऊ नका: टेप उचकटते आणि माती आणखी आत ठासली जाते. तारेचा तुकडा घेऊन रनिंग बोर्डाखालची भोकं मोकळी करा.

आणि पाऊस पूर्ण संपल्यावर, एकदा, चारही कमानी उतरवून आत साफ करून घ्या. तांबूस कडं दिसलं तर पॉलिश पेपरनं धातू उघडा करून इपॉक्सी प्रायमर, वर रंग, आणि पोकळीत मेणासारखा अँटी-रस्ट स्प्रे. एका दुपारचं काम आहे. सर्व्हिस सेंटरच्या नेहमीच्या सर्व्हिसमध्ये हे सहसा करत नाहीत, वेगळं सांगावं लागतं, आणि सांगितलं तरी समोर उभं राहिलेलं बरं.

पट्टी लोंबायला लागली. फेविक्विकनं चिकटवू का? एम-सील?

नको. पॉलिप्रॉपिलीनला साधा कुठलाच गोंद धरत नाही. या प्लॅस्टिकचा पृष्ठभागच तसा आहे, गोंद त्यावर पसरत नाही. फेविक्विक दोन दिवसांत सुटेल आणि पांढरा डाग ठेवून जाईल. एम-सील पत्र्याच्या बाजूला घट्ट बसेल आणि प्लॅस्टिकच्या बाजूनं सुटेल, म्हणजे पुढच्या माणसाला दुप्पट काम.

लोंबते म्हणजे बहुतेक क्लिप तुटली. क्लिपा नायलॉनच्या, किरकोळ किमतीच्या, वेगळ्या विकत मिळतात. मधली खीळ दाबून किंवा उपसून सोडवायचा एक प्रकार असतो, दुसरा नुसता ओढून निघतो आणि निघताना बहुतेक मोडतो. म्हणून पट्टी उतरवायच्या आधीच दहा-बारा क्लिपा आणून ठेवा. उतरवताना स्क्रू ड्रायव्हर न वापरता प्लॅस्टिकची पट्टी किंवा फडकं गुंडाळलेलं चपटं साधन वापरा, आणि काम ऊन वर आल्यावर करा. डिसेंबरातल्या सकाळी गार पडलेलं प्लॅस्टिक आणि जुन्या क्लिपा दोन्ही पटकन तडकतात.

स्क्रू थेट पत्र्यात मारून पट्टी बसवून देणारे आहेत. नाही म्हणा. ते नवं भोक म्हणजे गंजाला दिलेलं दार.

तडा गेला तर पूर्ण पट्टी बदलायची का?

बारीक तडा असेल तर प्लॅस्टिक वेल्डिंगनं जोडता येतो, मात्र त्याच जातीच्या काडीनं. पट्टी उलटी करा, आतल्या बाजूला बाणासारख्या कंसात जात छापलेली असते, उदाहरणार्थ पीपी (पॉलिप्रॉपिलीन), ईपीडीएम आणि पुढे टाल्कचा आकडा. तिथं एबीएस लिहिलं असेल तर काडी एबीएसची. जात न बघता वितळवलेला जोड पहिल्याच गतिरोधकाला उकलतो. जोडाची बाजू आतून घ्या, बाहेरचा दाणेदार पोत पुन्हा तसा येत नाही.

क्लिप बसायची जागाच तुटली असेल तर नवी घ्या.

गाडीच्या रंगात रंगवून घेतलं तर? भारी दिसेल.

दिसेल, पहिला हंगाम. गोंद धरत नाही त्याच कारणानं रंगही धरत नाही. आधी प्लॅस्टिकसाठीचा खास प्रायमर, तोही पट्टी उतरवून, दाण्यांच्या खाचांतून सगळी मेणं-तेलं काढून. एवढं करूनही मुरुमाचा खडा बसला की गाडीच्या रंगाखालून काळा टवका दिसणार, आणि तो पत्र्यावरच्या टवक्यापेक्षा वाईट दिसतो. मार खायला ठेवलेल्या भागाला नटवून पुन्हा त्याचीच राखण करत बसायचं, हे मला कधी पटलं नाही. लग्नाच्या सीझनला भाड्यानं देणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

माझ्या बेस मॉडेलला क्लॅडिंग नाही. बाहेरून बसवू का?

वरच्या मॉडेलचं कंपनीचंच क्लॅडिंग तुमच्या गाडीला बसत असेल तर जरूर घ्या. फेंडरला भोकं आधीच आहेत का, ते आधी पाहा. अनेक गाड्यांत बेस मॉडेलला ती नसतात.

बाजारातले किट दोन प्रकारचे, एबीएसचे आणि फायबरचे. फायबर ताठ असतं, काट्याला टिकतं पण आपटलं की तुकडा पडतो. दोन्ही बहुधा डबल टेपवर बसतात. प्लॅस्टिक पत्र्यापेक्षा उन्हात कितीतरी जास्त वाढतं: मीटरभराची पट्टी पहाट ते दुपार यांच्यात दोन-तीन मिलिमीटर लांब होऊ शकते, पत्रा अर्धा मिलिमीटरही नाही. हलकी टेप ही ओढाताण सोसत नाही, टोकं उचकटतात, आणि उचकटलेल्या फटीत काळी माती. चांगली अ‍ॅक्रिलिक फोमची टेप, पत्रा आणि प्लॅस्टिक दोन्ही स्पिरिटनं पुसून, आणि बसवल्यावर एक दिवस धुणं नाही, एवढं झालं तर टिकतं.

क्लॅडिंगच्या मागे उंदीर घर करतात का?

क्लॅडिंगच्या मागे जागा कमी असते. लाइनरच्या मागे करतात, विशेषतः गाडी कुटाराच्या किंवा सोयाबीनच्या पोत्यांजवळ उभी राहत असेल तर. पट्ट्या उतरवाल तेव्हा लाइनरही सैल करून बघा, आणि तिथून जाणारी वायर कुरतडलेली नाही ना, तेही.

विम्यात क्लॅडिंग मिळते का?

मिळते, पण आकडा पाहून निराश व्हाल. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर सरसकट 50 टक्के घसारा कापतात, गाडी नवी असो की जुनी. फायबरवर 30 टक्के. त्यावर अनिवार्य कपात: 1500 सीसीपर्यंत 1000 रुपये, त्यावर 2000.

समजा पट्टी 4000 ची आहे. निम्मे गेले, राहिले 2000. त्यातून 1000 कपात. हातात हजार. आणि या हजारासाठी तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला, जो पहिल्या वर्षी 20 टक्क्यांपासून वाढत पाचव्या वर्षी 50 टक्क्यांवर पोचतो. नुसत्या पट्टीसाठी क्लेम करू नका. दार, पत्रा, हेडलाइट असं मोठं नुकसान असेल तेव्हा पट्टीही त्याच क्लेममध्ये लिहून घ्या, सर्व्हेअरला तुटलेले तुकडे दाखवा, फेकू नका. झिरो डेप घेतलेली असेल तर घसारा कापला जात नाही.

बाहेरून बसवलेलं किट पॉलिसीत अ‍ॅक्सेसरी म्हणून नोंदवलेलं नसेल तर त्याचे पैसे मागू नका, मिळणार नाहीत.

आरटीओ किंवा पोलीस क्लॅडिंगवर दंड करतात का?

कंपनीतून आलेल्यावर प्रश्नच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बाहेरच्या कमानी लावून त्याखाली गाडीबाहेर आलेले रुंद टायर घालणारे या कलमात स्वतःहून चालत जातात.

खरी अडचण पुढच्या लोखंडी गार्डची आहे. क्लॅडिंगसोबत 'पूर्ण सेट' म्हणून दुकानदार बुल बारही गळ्यात मारतात. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते मंत्रालयानं राज्यांना त्यावर कारवाई करायला लेखी कळवलं आहे. पायी चालणाऱ्याला तो घातक, आणि धडकेत एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाजही चुकवू शकतो. घेऊ नका.

जुनी एसयूव्ही घ्यायची आहे. क्लॅडिंगवरून काही कळतं का?

पुष्कळ कळतं, आणि विकणारा नेमका हाच भाग चमकवून आणतो.

दोन्ही बाजू ताडून पाहा. एक बाजू राखाडी आणि एकच पट्टी काळीकुट्ट असेल तर ती बदललेली आहे. का बदलली ते विचारा. सगळंच ओलं-काळं, तेलकट दिसत असेल तर फडक्यानं जोरात पुसा आणि खालचा रंग बघा. पट्टी आणि पत्रा यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. एखाद्या ठिकाणी क्लिपऐवजी स्क्रूचं डोकं दिसलं तर मागे काहीतरी झालंय.

मग गुडघे टेका. रनिंग बोर्डाची खालची कड बोटानं चाचपा, फोड किंवा खरखरीत पापुद्रा लागतो का. लोहचुंबक घेऊन क्लॅडिंगच्या अगदी वरच्या पत्र्यावर फिरवा. जिथं तो धरत नाही तिथं पुट्टी भरलेली आहे. विकणारा तयार असेल तर मागच्या एका कमानीचे दोन स्क्रू काढून पट्टी बोटभर उचला आणि मोबाइलची बॅटरी मारा. आत माती असली तर हरकत नाही, या भागातल्या कुठल्याही गाडीत असते. मातीच्या मागे पत्रा तांबडा असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून बोला. आणि बोटभर उचलायलाही तो तयार नसेल, तर दुसरी गाडी बघा.